गोळी कशासोबत घेता?

लांजेवारताईंनी एका माणसाला शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आजही अभिमान वाटतो. माफ करणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. माझी आईच घ्या. तिनं माझ्या काकूला आयुष्यभर इतक्यांदा माफ केलं की काकूला दरवेळी नवी खोडी शोधून काढावी लागायची. पण डोकं थंड ठेवून, तोंडातून एकही खोटा शब्द न काढता, अडीच वर्षं एखाद्याच्या हात धुऊन मागे लागणं हे येरागबाळ्याचं काम नाही. ते करताना मी फक्त लांजेवारताईंना पाहिलं, आणि जमेल तेवढा हातभारही लावला.

नंदनवनातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. नाव लिहायचं, पावती द्यायची, दुपारनंतर रिपोर्ट टाइप करायचे. लांजेवारताई आतल्या खोलीत रक्त काढायच्या. वनमाला हे त्यांचं नाव फक्त पगाराच्या कागदावर असायचं. ठेंगण्या, सावळ्या, खळ घातलेली सुती साडी, तिच्यावर पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात सदा दोन-तीन लिंबं. रक्त कमी निघालेल्या बायकांच्या हातात रिपोर्टबरोबर त्या एक लिंबू ठेवायच्या. नवीन पेशंट आधी दचकायचे. काहींना तो उतारा वाटायचा. एका बाईनं तर ते लिंबू घरी न नेता चौकात टाकून दिलं होतं.

त्यांचा हात फार हलका होता. खेड्यावरून येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शिरा दोऱ्याएवढ्या असतात, सहा महिन्यांच्या पोरांच्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत. ताई रबरी पट्टा बांधायच्या, बोटानं दोनदा टिचकी मारायच्या आणि एका टोचण्यात काम संपवायच्या. त्यांना दुसऱ्यांदा टोचताना मी दहा वर्षांत फक्त एकदा पाहिलं. ती गोष्ट पुढे येईलच.

हातापेक्षा नाक जास्त तिखट होतं. सकाळी लोक साखर तपासायला येतात. त्यांना आदल्या दिवशी मी स्वतः बजावलेलं असतं की पाण्याशिवाय पोटात काही नको. तरी दहातले तीन जण घरून कॉफी पिऊन येतात, आणि ते खोटं बोलतात असंही नाही. आपल्याकडे उपासाला कॉफी चालते, त्यामुळे कॉफी पोटात गेली तरी माणूस स्वतःला रिकाम्या पोटीच समजतो. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक आले. खुर्चीत बसले, बाही वर केली. ताईंनी पट्टा बांधला आणि लगेच सोडला.

"कॉफी पिऊन आले ना गा, सर?"

"अहो, काहीच खाल्लं नाही मी."

"मी खाल्लं का म्हणून नाही विचारून राहिली. पिलं का म्हणून विचारून राहिली."

"कॉफी म्हणजे काय खाणं आहे का, मॅडम? चतुर्थीलेही चालते."

"चतुर्थीले देव पाह्यते. इथं मशीन पाह्यते. दूध-साखर टाकली का नाही टाकली, त्याले सगळं समजते. उद्या या."

मुख्याध्यापक भडकले. आपण इतकी वर्षं शाळा चालवली वगैरे सांगू लागले. ताईंनी दरवाज्याकडे पाहून पुढच्याचं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी सर आले ते तोंड उघडून श्वास दाखवतच आत गेले.

यावरून कुणाला वाटेल की ताईंचं कॉफीशी वैर होतं. अजिबात नाही. त्यांच्या स्टीलच्या थर्मासमध्ये जायफळ घातलेली दुधाची कॉफी असायची. सकाळी अकराला एक कप, दुपारी चारला एक. डबा दीड वाजता. डबा आणि कॉफी यांची त्यांनी कधी गाठ पडू दिली नाही. चारनंतर घोटभरही नाही, कारण मग झोप लागत नाही म्हणायच्या. कॉफी चांगली की वाईट, असं विचारलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. "पाहुणा चांगला का वाईट, असं विचारल्यासारखं आहे हे," त्या फणकारायच्या. "कोणाच्या घरी आला, किती वाजता आला, किती वेळ बसला, ते सांग ना पह्यले." मग बोटं मोडत सांगायच्या. धडधाकट माणसानं दोन-तीन कप घेतले तर बिघडत नाही, उलट बरंच. छातीत धडधडत असेल, तर कमी करा. पोटात जळजळत असेल, तर रिकाम्या पोटी नको. दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारून, एखादाच कप.

आणि मग त्यांचा तो प्रश्न यायचा. खुर्चीत कुणीही बसलेलं असो, रक्त नळीत उतरत असताना त्या विचारायच्या, "गोळी कशासोबत घेता?"

लोक गडबडायचे. गोळी कोणती, किती वाजता, हे सगळे विचारतात. कशासोबत, हे कुणी विचारत नाही. बँकेत नोकरी करणारी एक पोरगी थायरॉइडची तपासणी करायला यायची. तिची गोळी डॉक्टरांनी दोनदा वाढवली तरी आकडा हलत नव्हता. ताईंनी विचारल्यावर ती म्हणाली की सकाळी सहाला उठते, एका हातात गोळी, एका हातात कॉफी. ताईंनी तिला गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायला लावली आणि तासभर कॉफीला हात लावू नको म्हणून बजावलं. पुढच्या खेपेला आकडा जाग्यावर आला. डॉक्टरांनीच गोळी कमी केली. पोरीनं ताईंच्या पाया पडायला वाकून खुर्चीच्या हाताला डोकं आपटून घेतलं.

पहिले काही दिवस मला वाटायचं की हा हुशारीचा प्रश्न आहे. तो कशातून सुरू झाला ते मला नंतर कळलं, आणि तो हुशारीचा नव्हता.

ताईंना एक धाकटी बहीण होती, संध्या. लग्न होऊन हुडकेश्वरला राहायची. नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. संध्या बोलकी, हसरी, ताईंच्या अगदी उलट. तिला दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यात ताईंनी तिला आमच्याच लॅबमध्ये आणून हिमोग्लोबिन पाहिलं. ९.१ निघालं; गरोदर बाईला निदान अकरा तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, ताईंनी स्वतः आणून दिल्या. महिन्यानं पाहिलं तर ८.८. पुढच्या महिन्यात ८.३. गोळ्या चालू असताना आकडा खाली चालला होता.

ताईंनी एकच अर्थ काढला. गोळ्यांनी तोंड कडू होतं, पोट बिघडतं, म्हणून ही बया गोळ्या मोरीत टाकते. त्यांनी माझ्यासमोर, काउंटरपाशी संध्याला फैलावर घेतलं.

"शपथ घेऊन सांगते ताई, रोज घेते. रिकामी पाकिटं दाखवू का?"

"पाकिटं रिकामी करता येतात वं. मले शिकवू नको. मी दिवसभर हेच पाह्यते."

"मी काहून खोटं बोलीन?"

"आळशी आहेस म्हणून. लहानपणापासूनच आहेस."

संध्या रडत गेली. त्यानंतर दोघी बहिणी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी सलाइनमधून लोह द्यायचं ठरवलं होतं, पुढच्या सोमवारी. त्याआधीच, दिवस भरायच्या आत, संध्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. पोरगी झाली आणि वाचली. संध्याचं रक्त थांबलं नाही. अंगात आधीच इतकं कमी होतं की बाहेरून रक्त येईपर्यंत वेळ उरला नाही.

तेराव्यानंतर ताई बहिणीच्या घरी स्वयंपाकघर आवरायला गेल्या. फडताळात लाल रंगाचे सहा डबे होते. 'आरोग्य कॉफी'. पाच रिकामे, एक अर्धा. त्यातल्या एका रिकाम्या डब्यात गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं नीट एकावर एक ठेवलेली होती. ताईला दाखवायची म्हणून संध्यानं ती जपून ठेवली होती. आणि प्रत्येक डब्यात एक छापील कार्ड होतं: दोन्ही जेवणांनंतर गरम कॉफी घ्या, रोजच्या गोळ्या याच कॉफीसोबत घ्या, ताकद दुप्पट. खाली नाव आणि हसरा फोटो. हेल्थ कोच राजेश भोंगाडे.

संध्या रोज गोळी घेत होती. अगदी नेमानं घेत होती, आणि कॉफीसोबत घेतल्यामुळे तिला ती पुरती लागत नव्हती. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जराही हलला नाही. "कॉफीनंच मेली असं मी म्हणून नाही राहिली," त्या म्हणाल्या. "रक्त जायचं ते गेलंच असतं. पण अंगात दोन आकडे जास्त असते त तिले वेळ भेटला असता. अन् मी तिले आळशी म्हटलं. कशासोबत घेतेस, एवढं विचाराचं सुचलं नाही मले."

ते डबे सापडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्या नागपूरला विचारायला लागल्या.

आता भोंगाडेबद्दल. हा माणूस पूर्वी इतवारीत भांड्यांच्या दुकानात कुकर विकायचा, आणि म्हणतात की चांगला विकायचा. मग कुठल्याशा साखळी योजनेत शिरला, कोट शिवला आणि एका वर्षात हेल्थ कोच झाला. भर मे महिन्यात नागपुरात कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो किंवा काहीतरी विकत असतो. दर रविवारी तो कुठल्या ना कुठल्या वस्तीतलं समाजभवन भाड्यानं घ्यायचा, पन्नास-साठ बायका जमवायचा आणि त्याच्या कॉफीनं साखर उतरते, चरबी वितळते, गुडघे मोकळे होतात, रक्त वाढतं असं सांगायचा. ऐकायला गोड होतं. तिरस्कार करायचा म्हटला तरी त्याची वाणी मान्य करावीच लागते.

ताई पहिल्यांदा त्याच्या कार्यक्रमाला गेल्या तेव्हा मला सोबत घेऊन गेल्या. मला वाटलं, आज चप्पल निघणार. मी मनातून तयार होते, खरं सांगायचं तर उत्सुक होते. पण ताई शेवटच्या रांगेत गुमान बसल्या. त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी हात वर केला.

"सर, एक विचाराचं होतं."

"विचारा ना ताई. त्यासाठीच त बसून राहिलो आपण."

"रक्त वाढायची गोळी या कॉफीसोबत घ्याची का?"

"एकदम बरोबर! ताकद डबल!"

"मी रक्त तपासते," ताई उभ्या राहिल्या. "बावीस वर्षं झाली. लोहाची गोळी कॉफीसोबत घेतली त अंगाले पुरती लागत नाही. जेवणावर लगेच कॉफी पिली, तरी भाजी-डाळीतलं लोह कमीच लागते. दोन तासाचं अंतर पाह्यजे. तुमाले हे माहीत होतं का?"

"प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो, ताई."

"संध्या गायधने आठवते का तुमाले? हुडकेश्वरची. सहा डबे घेतले होते तिनं. तुमी घरी येऊन देऊन गेले होते."

भोंगाडे हसला. ते हसू मी विसरले नाही. "इतके कस्टमर आहेत ताई, नावं कुठं लक्षात राह्यतात?"

"मेली ती," ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

बाहेर येऊन त्यांनी भिंतीला हात टेकला. मला म्हणाल्या, "त्याले नाव लक्षात नाही वं, शुभांगी." एवढंच. मरण, डबे, कार्ड या सगळ्यापेक्षा त्यांना ते लागलं होतं. पुढची अडीच वर्षं त्यांनी जे केलं ते सगळं त्या एका वाक्याचं उत्तर होतं.

त्या दिवसापासून त्यांचे रविवार ठरून गेले. भोंगाडेचा कार्यक्रम जिथे असेल तिथे लांजेवारताई शेवटच्या रांगेत हजर. प्रश्न तोच, नाव तेच. कार्यक्रम कुठे आहे ते शोधून काढायचं काम माझ्याकडे होतं. काउंटरवर येणाऱ्या बायकांच्या मोबाइलवर त्याच्या जाहिराती यायच्या, त्या मी मागून घ्यायची. भोंगाडेनं वस्ती बदलली, वेळ बदलली, एकदा तर जागा ऐनवेळी बदलली. ताई तिथेही पोचल्या होत्या आणि त्याच्या आधी येऊन सतरंजी अंथरायला मदत करत होत्या. त्याला पाहून म्हणाल्या, "या सर. उशीर केला आज." मला हे आठवलं की अजून बरं वाटतं.

तो आमच्या मालकांकडे तक्रार घेऊन आला. तुमची बाई माझी बदनामी करते म्हणाला. मालक आमचे सरळ माणूस. त्यांनी विचारलं, त्या खोटं काय बोलल्या ते सांगा. भोंगाडेला सांगता येईना, कारण ताईंनी खोटं काही ठेवलंच नव्हतं.

खोटं बोलायची संधी त्यांना चालून आली होती. इतवारीतल्या एका चहापत्तीच्या ठोक व्यापाऱ्याच्या कानावर हे प्रकरण गेलं. तो स्वतः लॅबमध्ये आला. म्हणाला, मॅडम, 'कॉफी म्हणजे विष' अशी पत्रकं मी छापून देतो, तुमचं नाव टाकू, घरोघरी वाटू. मला तर आनंद झाला. भोंगाडेची एका आठवड्यात वाट लागली असती.

"विष नाही आहे ना पण ते," ताई म्हणाल्या.

"थोडं इकडंतिकडं चालते, मॅडम."

"चहासोबत गोळी घेतली तरी तेच होते, माहीत आहे का तुमाले? ते छापता का खाली?"

व्यापारी नमस्कार करून गेला. मी ताईंवर चिडले. एवढा सोन्यासारखा मोका घालवला म्हणून बडबडले. ताई थर्मासमधून अकराची कॉफी ओतत म्हणाल्या, "खोटं सांगून पाडला त तो म्हणन, मीही सांगत होतो, हेही सांगून राहिले. मंग फरक काय राह्यला? मले त्याले खऱ्यानंच पाडायचं आहे." सूड घ्यावा तर असा. सगळं नीट तोलून, आणि तोल एकदाही जाऊ न देता.

दोन वर्षांत भोंगाडेचा कारभार आटला. बायकाच त्याला विचारायला लागल्या, गोळी कशासोबत? समाजभवनं रिकामी राहू लागली. विकला न गेलेला माल म्हणे त्याच्या घरात छतापर्यंत रचलेला होता. मला या बातम्या कळायच्या आणि मी त्या ताईंना मीठमसाला लावून सांगायची. त्या ऐकायच्या, पण खूश झालेल्या मला कधी दिसल्या नाहीत.

आणि एके दिवशी सकाळी भोंगाडेच माझ्या काउंटरसमोर उभा राहिला.

आधी मी ओळखलं नाही. कोट नव्हता. चेहरा पिवळट, ओठ पांढरे, दोन पायऱ्या चढून आला तर धापा टाकत होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं आणि ही लॅब घराजवळ होती. मी पावती केली. मी त्याला आत पाठवलं आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिले, कारण हे मला पाहायचं होतं.

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. पट्टा बांधला, टिचकी मारली, सुई घातली. शीर चुकली. दुसऱ्यांदा घातली. चुकली. तिसऱ्यांदा चुकली. लांजेवारताईंची सुई लागोपाठ तीनदा चुकली! हे मी उद्गारचिन्ह देऊन लिहिते, कारण लिहिताना मला मजा येते. चौथ्यांदा रक्त आलं, पातळ, फिकट. भोंगाडे डोळे मिटून बसला होता. विचारलं नसताना तोच बोलायला लागला. झोप येत नाही. डोकं सारखं दुखतं, त्याच्या गोळ्या रिकाम्या पोटीच खातो. कॉफी दिवसाला दहा-बारा कप होते. "घरात इतके डबे पडले आहेत मॅडम," तो म्हणाला, "अन् मले त ते खरंच चांगलं वाटते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस लोकांना फसवत नव्हता. जे विकत होता त्यावर त्याचा विश्वास होता. त्यामुळे माझा राग कमी झाला असं कुणी समजू नये. उलट वाढला. फसवणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक तरी असतं.

साडेअकराला मशीननं आकडा दिला. हिमोग्लोबिन ६.१. ताईंनी पुन्हा लावून पाहिलं. तेवढंच. आमच्याकडे नियम आहे की इतका धोक्याचा आकडा आला की पेशंटला लगेच फोन करायचा, आणि ते काम ताईंचं. ताईंनी कागद पालथा घातला, वर थर्मास ठेवला आणि खुर्चीत बसल्या. कॉफी ओतली नाही. नुसत्या बसल्या. काउंटरवरचा फोन माझ्या हाताशी होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. राहू दे, संध्याकाळी येईल तेव्हा घेऊन जाईल, नाही आला तर नाही आला, असं माझ्या मनात स्वच्छ आलं. हे लिहायला मला लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही.

अर्धा तास गेला. मग ताई उठल्या आणि माझ्यासमोरून फोन ओढला.

"भोंगाडे, मी लांजेवार बोलून राहिली. तुमच्या अंगात रक्त नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात भरती व्हा. जेवत बसू नका, आंघोळ करू नका, निघा. बायकोले फोन द्या." बायकोला सगळं दोनदा सांगितलं. मग परत त्याला बोलावलं. "बरे झाले का तपासाले इथंच याचं. माझ्याकडं. दुसरीकडं गेले त मी घरी येईन."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, काहून केला?"

"तो मेला त सुटला ना वं," ताई म्हणाल्या. "मले तो जित्ता पाह्यजे."

तो जगला. पोटात अल्सर निघाला, त्यातून कधीपासून थोडं थोडं रक्त जात होतं. मी लगेच म्हटलं, बघा, कॉफीनं झाला. ताईंनी तिथेही मला अडवलं. अल्सर डोकेदुखीच्या गोळ्यांनी झाला, कॉफीनं फक्त जळजळ वाढवली असेल, म्हणाल्या. वैऱ्याच्या रोगाचंही निदान त्या चुकीचं होऊ देईनात. त्याला रक्ताच्या बाटल्या चढल्या, औषधं झाली, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

मग सुरू झाली खरी शिक्षा. दर महिन्याला भोंगाडे यायचा. का यायचा, देव जाणे. गावात लॅब काय कमी आहेत? पण यायचा, रांगेत बसायचा. खोली माणसांनी भरलेली असायची आणि आतलं दार ताई मुद्दाम उघडं ठेवायच्या.

"गोळी कशासोबत घेता?"

"लिंबूपाण्यासोबत."

"कॉफी?"

"दोन तासांनी. एकच कप."

"कोणाले चुकीचं सांगितलं होतं तुमी?"

"संध्या गायधनेले."

"मोठ्यानं."

तो मोठ्यानं सांगायचा. बाहेर बसलेले लोक एकमेकांकडे पाहायचे. ताई मग एका टोचण्यात रक्त काढायच्या, कापसाचा बोळा दाबून धरायला सांगायच्या आणि गोळीतलं लोह नीट लागावं म्हणून त्याच्याही हातात एक लिंबू द्यायच्या. माझी ही महिन्यातली सर्वांत आवडती सकाळ होती. त्या दिवशी मी रजा घ्यायची नाही.

पुढे थोड्याच दिवसांत ताईंनी नोकरी सोडली आणि उमरेडला गेल्या. संध्याची पोरगी तिथे आजीजवळ आहे. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल दिली, फोटो काढले. पण त्या कार्यक्रमातल्या ताई माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत. येतात त्या भोंगाडेच्या चौथ्या महिन्याच्या तपासणीच्या दिवशीच्या.

त्या दिवशी त्याचं हिमोग्लोबिन १३.२ निघालं. चेहऱ्यावर तजेला आला होता. इतवारीत परत कुकर विकायला लागलो म्हणाला. संत्रा बर्फीचा पुडा आणला होता, तो काउंटरवर ठेवून, रिपोर्ट घेऊन, हात जोडून गेला. ताईंनी पुड्याला हात लावला नाही. मला म्हणाल्या, "संध्याचे रिपोर्ट काढ वं."

मी संगणकावर काढले. ९.१, ८.८, ८.३. त्यांनी भोंगाडेचे चारही आकडे माझ्याकडून त्याच्या शेजारी काढून घेतले आणि चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ वाकल्या. मी वाट पाहत होते की आता तरी काही कडक बोलतील. माझं तोंडही शिवी द्यायला तयार होतं.

"त्याले रक्त चढलं होतं, थे वजा करू," त्या म्हणाल्या. बोटानं एकेक महिना मोजला. "तरी पाह्य. चार महिने. गोळी तीच आहे. मीच दिली होती तिले, हीच गोळी."

"ताई, राहू द्या."

"तिच्याजवळही तीन महिने होते ना वं. पाचव्याले पाह्यलं होतं आपण. तेवढेही पुरले असते. हा बरा झाला म्हणून मले समजलं, नाहीतर कधी समजलं नसतं. तिचं अकरा झालं असतं."

मी संगणक बंद केला. बाहेर सात-आठ माणसं बसली होती. मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं, पेशंट आत जाऊन खुर्चीत बसला, बाही वर करून हातही पुढे केला, पण ताई माझ्या टेबलाजवळून हलल्या नाहीत.